गवंडीमामांचा गुळगुळीत डोंगर

चिकलठाण्याला आम्ही सगळे पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. आईचं कासव खाटेखाली. घरातला पहिला बी.ए. मी. नोकरी लागल्यावर घर बांधलं आणि कासवासाठी अंगणात सिमेंटचा छोटा डोंगर करायला शेजारचे गवंडीमामा आले. खडबडीत ठेवा म्हटलं, तरी बोलता बोलता त्यांची थापी फिरायची आणि खडक आरशासारखा व्हायचा. कासव घसरून उताणं पडायचं, आई रडवेली व्हायची.

"मामा, डोंगर केला का न्हाणीघर?"

"माझ्या हातनं वंगाळ काम व्हत नाय, साहेब!"

शेवटी स्वतःवरच चिडून त्यांनी नवा थर दिला आणि थापी लांब ठेवली. "आक्का, तुम्हीच थापा. भाकरीवाणी."

आईच्या बोटांचे ठसे तसेच वाळले. कासव त्यावरून न घसरता वर चढलं.