नाचाचे मास्तर आणि त्यांचा संशय

हुबळीत त्या काळी संशयी माणसांना तोटा नव्हता. पण आपली चाल आपल्याच सावलीने चोरली, असं छातीठोकपणे सांगणारे आमचे नाचाचे मास्तर एकटेच. जुन्या हुबळीत एका सरकीच्या वखारीच्या माडीवर ते आम्हां आठ मुलींना नाच शिकवायचे. शिकवणी सुरू होण्याआधी ते सगळ्या खिडक्या लावून घेत आणि दाराच्या कुलुपाच्या भोकात चिंधी कोंबत. का, तर दुसरा एखादा नाचाचा मास्तर आपले तोडे बघून जाईल. गावात दुसरा नाचाचा मास्तर नव्हता. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "दिसत नाही म्हणजेच लपलाय." बंद खोलीत सरकीची धूळ कोंडायची आणि आम्ही शिंकायचो. कोण कितीदा शिंकलं यावरही त्यांचं लक्ष असे. बाहेरच्या कुणाला तरी त्यातून खूण जात असावी, असा त्यांना वहीम होता.

उमेदीच्या वयात त्यांनी एका नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केल्या होत्या. बोलपट आले, मंडळी मोडली आणि मास्तर हुबळीत राहिले. पन्नाशीतही नुसतं मनगट वळवलं तरी बघणारा बोलायचं विसरावा, असा त्यांचा हात होता. पण त्या दिवसांत घरंदाज मुलींनी नाचायचं म्हणजे आईबापांनाच धैर्य लागे. तेव्हा गावाचाही मास्तरांवर संशय होताच. रोज कुणाची तरी आत्या नाहीतर मावशी दारात वाती वळत बसायची. ती मास्तरांवर नजर ठेवी, मास्तर तिच्यावर ठेवत, आणि या दोन पहाऱ्यांच्या मधल्या जागेत आम्ही नाचायचो.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी, की एक तोडा करून दाखवायचा आणि विचारायचं, "कळलं?" आम्ही हो म्हटलं, तर इतक्या लवकर कसं कळलं, असा प्रश्न. नाही म्हटलं, तर मुद्दाम म्हणताय, असा आरोप. आम्ही एकमेकींचं बघून नाचतो या संशयावरून त्यांनी आम्हांला चार भिंतींकडे तोंडं करून, भिंतीला दोघी असं उभं केलं. पाऊल उचललं की ते पुरतं टेकायच्या आत "चुकलीस!" म्हणून झडप घालायचे. सबंध तोडा मी त्यांच्यासमोर कधी पुरा केलाच नव्हता.

याचं फळ नवरात्रात मिळालं. देवळाच्या मांडवात आमचा नाच ठेवला होता. आम्हांला सवय भिंतींची. ठेका सुरू झाला आणि आठजणी चार दिशांना तोंडं करून नाचू लागलो. लोक पोट धरधरून हसले. माझे अप्पा कोर्टात शिरस्तेदार, मोजकंच बोलणारे. ते मास्तरांना बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्हांला नाच येतो. शिकवता येत नाही." संक्रांतीपर्यंत बघू, नाहीतर मुली काढून घेऊ, असं सगळ्या पालकांचं ठरलं.

अप्पांना हे बोलायला कुणी पढवलं, याचा मास्तरांनी दोन दिवस तपास केला. तिसऱ्या दिवशी मात्र बगलेत तोड्यांची वही मारून ते शिकवायला शिकायला निघाले. तालमीत जाऊन वस्ताद पोरांना डाव कसा समजावतो ते त्यांनी टिपून घेतलं. कोप्पीकर रोडवरच्या एका शिंप्यासमोर तासभर बसून, नवशिक्याला काज करायला तो कसा शिकवतो, तेही पाहिलं. मग एका शाळेच्या खिडकीखाली उभे राहून गणिताचा तास ऐकू लागले. दिवस चळवळीचे होते, शाळेशाळेतून मुलं बाहेर पडत होती. खिडकीखाली उभा राहून वहीत काही टिपणारा माणूस पोलिसाला दिसला आणि मास्तर थेट चौकीत गेले. वहीत लिहिलेलं होतं, 'चौघी पुढे, चौघी मागे. आठव्याला सगळ्यांनी एकदम उडी. मग पांगणे.'

मास्तरांनी ओळखीचे म्हणून अप्पांचं नाव सांगितलं. अप्पा निघाले, तशी मीही हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. फौजदारसाहेब वहीवर बोट ठेवून विचारत होते, ही माणसं कोण आणि उडी कुठे मारणार आहेत. मास्तर घामाघूम झाले होते, आणि ही वही पोलिसांना कुणी दाखवली असेल याचाच बहुधा विचार करत होते. अप्पा म्हणाले, "साहेब, हा नाच आहे. माझी मुलगी करून दाखवील."

एका कानडी शिपायाला वही वाचायला दिली. त्याला मराठी अक्षरं जेमतेम लागत. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचायचा, मी ती नाचून पुरी करीपर्यंत थांबायचा, आणि मग पुढची ओळ शोधत स्वतःशीच म्हणायचा, "मुंद." म्हणजे पुढे. मधे कुणी झडप घातली नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सबंध तोडा केला, एकटीने आठजणींची उडीही मारली. फौजदार हसले आणि त्यांनी वही परत दिली.

रस्त्यात मास्तरांनी वही पुन्हा बगलेत मारली. मग म्हणाले, "तुला हे सगळं येत होतं?"

"हो."

"मग माझ्यासमोर का चुकत होतीस?"

"तुम्ही मधेच पकडता, मास्तर. तो शिपाई थांबत होता."

मला वाटलं, आता हे कुणी पढवलं ते विचारतील. त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माडीच्या खिडक्या उघड्या होत्या. आम्ही सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या, आणि मास्तर समोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. झडप घालायची लहर आली की नुसतेच खांदे हलत. तोडा पुरा झाला की त्या शिपायाच्याच सुरात म्हणत, "मुंद." संक्रांतीला आमचा नाच रंगला. टाळ्या फार वेळ वाजल्या, तेव्हा मात्र लोकांना आधी कुणी सांगून ठेवलं होतं का, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

पुढल्या वर्षी मला तेरावं लागलं. आता पुरे, असं घरात ठरलं. मास्तरांना खरं सांगायचा अप्पांना धीर होईना. पाय दुखतो म्हणून सांग, एवढंच ते मला म्हणाले. मी माडीवर जाऊन तसं सांगितलं. मला वाटत होतं, ते डोळे बारीक करतील, कोणता पाय, कधीपासून, असं उलटसुलट विचारतील, मी अडखळेन, रडेन आणि खरं काय ते बाहेर येईल. त्यांनी माझा घोटा हलक्या हाताने चेपून पाहिला. तिळाचं तेल कोमट करून लाव म्हणाले. बरा झाला की ये, तुझी जागा मी कुणाला देत नाही.

जिना मी मुद्दाम नीट उतरले. जराही न लंगडता, धडधड पाय आपटत, त्यांना ऐकू जाईल असं. मास्तर वरच्या पायरीवर उभे राहून बघत होते.

"सावकाश गं," ते म्हणाले, "दुखरा पाय आहे."