बघण्यासारखं काही नाही

माझ्या सासरच्या माणसांना सुट्टी घेता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. ते सहल काढतात. सहल म्हणजे भाड्याची मोठी गाडी, गाडीत दीर, जाऊ, त्यांची मुलं, सासूबाई, आम्ही चौघं, शिवाय जावेच्या माहेरचं कुणीतरी. आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, गळ्यात शिट्टी अडकवून माझे दीर. शिट्टी खरोखरची. तरुणपणी ते डोंगर चढायला जायचे, तेव्हापासूनची. पहाटे पाचला ती वाजायची, आणि तोवर आमच्या आंघोळी झालेल्या असाव्या लागायच्या. मग पॉइंट. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, इको पॉइंट, आणि नुसत्याच दरीकडे तोंड करून असलेला एखादा बिननावाचा पॉइंट. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, ओळीत उभं राहून फोटो काढायचा, शिट्टी झाली की चढायचं. "हे बघून झालं," असं दीर म्हणायचे, आणि सगळ्यांना काहीतरी उरकल्याचं समाधान मिळायचं.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. त्या पहाटे तीनला उठून सगळ्यांसाठी दशम्या करायच्या आणि मग प्रत्येक पॉइंटला गाडीतच बसून पर्सा, स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या राखायच्या. अख्खं महाबळेश्वर त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलं.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला गाडी लागायची. साधी लागायची नाही, घाट सुरू झाला की पोरगी पांढरीफटक पडायची. मग कुणीतरी तिच्या हातात लिंबू द्यायचं, वास घेत बस म्हणून. आमच्या त्या वर्षांच्या सगळ्या फोटोंत मागे डोंगर, पुढे आम्ही, आणि कोपऱ्यात लिंबू धरून उभी असलेली एक मुलगी आहे. त्या मार्चमध्ये मी तिची वेणी घालत होते. परीक्षा जवळ आली होती. ती आरशात न बघता म्हणाली, "आई, यंदा मी सहलीला नाही आले तर चालेल?"

सुट्टीत घरी राहू द्या, अशी विनंती आठ वर्षांचं मूल करतंय! मला तिची दया आली नाही, राग आला. सगळ्यांचा.

मी स्वतः तेव्हा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कर्वेनगरहून कंपनीच्या बसने अख्खं शहर आडवं कापून जायचं आणि तसंच परत यायचं. सकाळी चार डबे, संध्याकाळी कुकर लावता लावता अमेरिकेचा फोन. तिकडच्या माणसांची सकाळ व्हायची तेव्हा आमच्याकडे भाकरी तव्यावर असायची. एका कानाला फोन आणि एका हातात उलथनं, अशी मी कित्येक वर्षं इंग्रजी बोलले. पैसा नवा होता, घर नवं होतं, दारात छोटी गाडी आली होती. मला फक्त झोप हवी होती. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण एवढं सगळं मिळाल्यावर बाई झोप मागते म्हणजे ती आळशीच असणार.

ऑफिसात वेगळाच बाजार भरलेला होता. तिथे जो तो सिंगापूरला चाललेला. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, एका आठवड्यात तिन्ही. परत आले की डेस्कवर चॉकलेटं ठेवायचे आणि काय काय 'कव्हर' केलं ते सांगायचे. मला ऐकताना दीरांची शिट्टी ऐकू यायची. फक्त विमानातून वाजलेली, एवढाच फरक.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही दीरांकडे जेवायला गेलो. ते कसब्यात राहायचे, सासूबाई त्यांच्याकडेच. आमटी वाढून होते न होते तोच दीरांनी जाहीर केलं की यंदा साउथ. बंगलोर, म्हैसूर, उटी, कोडाई. गाडी सांगून झालेली होती. माझ्या मुलीने हातातला घास खाली ठेवला.

मी म्हटलं, "भाऊजी, आम्ही यंदा येणार नाही."

माझा नवरा पानाकडे बघत होता. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, वर्गात म्हणे फार कडक आहे. मोठ्या भावासमोर मात्र त्याला एकदम कोशिंबीर आवडायला लागते. दीर पुण्याचे, त्यामुळे आवाज चढवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी विचारलं की मग तुम्ही कुठे जाणार. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "उत्तम. ठरलं की कळवा, आम्ही इथूनच हात हलवू," ते म्हणाले. मग माझ्या मुलांकडे बघून पुढे म्हणाले, "तुला ऑफिसमुळे जमत नसेल तर तसं सांग. पोरांना आम्ही घेऊन जातो. त्यांनी का म्हणून काही बघू नये?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणते की गप्प बसते, एवढंच तिला त्या क्षणी जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मुलंही येणार नाहीत. त्यांना मी सुट्टीवर नेणार आहे. सासूबाईंनी न विचारता माझ्या पानात भात वाढला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला तेव्हा कळलं नाही.

आता बोलून बसले होते, तेव्हा जागा शोधणं आलं. मी एकच अट ठरवली. ज्याला त्याला मी ठिकाणाबद्दल विचारायचे, आणि समोरचा "तिथे बघण्यासारखं" असं म्हणाला की ठिकाण बाद. आपल्याकडे या अटीत काहीच बसत नाही. समुद्र सांगावा तर त्याच्या शेजारी किल्ला असतो. किल्ला नसला तर पुरातन देऊळ असतं, आणि देवळाशेजारी कुंड. नवरा पहिले काही दिवस हे सगळं चेष्टेत घेत होता. मग एका संध्याकाळी लेक शाळेची वही मिटून त्याला म्हणाली की बाबा, घाट नसलेलं गाव असतं का? तेव्हापासून तोही कामाला लागला.

शेवटी माझ्या टीममधल्या एका मुलाने सांगितलं की पानशेतच्या अलीकडे त्याची मावशी राहते, शेतात दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण मॅडम, तुम्ही बोअर व्हाल. मी त्या मावशींना गावातल्या दुकानाच्या फोनवर बोलावून घेतलं.

"हितं बगन्यासारखं काय न्हाई बगा ताई," त्या बिचाऱ्या आधीच माफी मागितल्यासारख्या म्हणाल्या. "वढा हाय, पन आटलाय. धरन हाय, पन ते हितनं दिसत न्हाई."

मी तिथल्या तिथे पाच दिवसांसाठी खोल्या ठरवल्या.

मग लोकांचे शेरे. सोसायटीतल्या बाई म्हणाल्या, पानशेत? अहो, मग संध्याकाळी परतच या की, दूधही बंद करायला नको. ऑफिसात साहेबांनी विचारलं, तिथे मोबाइलला रेंज असते ना? मी म्हटलं, नसते, म्हणूनच चाललेय. ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज पुढे ओढून सही केली. दीरांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पानशेत. वा. पासपोर्ट घेतलात ना?"

आम्ही सकाळी पोहे खाऊन, भांडी घासून, आरामात निघालो. रस्ता खडकवासल्याच्या कडेकडेने जाणारा. मुलीला दोनदा मळमळलं, दोनदा थांबलो, शिट्टी मारायला कुणी नव्हतं. दुपारी पोचलो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात जांभळाचं मोठं झाड, पलीकडे दोन म्हशी. मावशींनी खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. पाचला मला जाग आली, नवऱ्यालाही आली, आणि कुणी कुणाला काही न बोलता आम्ही पाणी तापवून आंघोळी करायला लागलो. मी धाकट्या मुलाला अर्धवट झोपेत कपडे चढवले. उजाडलं तेव्हा आम्ही चौघं पावडर लावून, भांग पाडून, बूट घालून अंगणात ओळीने बसलेलो होतो. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. मुलीच्या मुठीत लिंबू.

मावशी धारा काढायला आल्या आणि आम्हाला बघून थबकल्या. "कुटं निगालाव?"

मुलीने मला हळूच विचारलं, "आता कुठे?" मी म्हटलं, कुठेही नाही. तिला ते खरं वाटेना. मग मी खाली वाकून तिच्या बुटांचे बंद सोडले, आधी तिचे, मग धाकट्याचे. नवऱ्याने कॅमेरा काढून खुंटीला लावला आणि एकटाच इतका हसत सुटला की म्हशींनी माना वळवल्या. लिंबू मावशींनी मागून घेतलं आणि दुपारी त्याचं सरबत केलं.

त्या दिवशी न्याहारी झाल्यावर मी जांभळाखाली चटई टाकली आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले. उठले तेव्हा ऊन पार कलंडलेलं होतं. जेवण टळून गेलं होतं, कुणीतरी अंगावर ओढणी टाकली होती, आणि मुलगी शेजारी बसून धाकट्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करत होती. दुसऱ्या दिवशीही मी झोपले. तिसऱ्या दिवशी तर निर्लज्जपणे झोपले. बाकी आम्ही जे केलं ते सांगण्यासारखं नाही. मुलांनी आटलेल्या ओढ्यातले गोटे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले आणि परत आणले. नवऱ्याने म्हशी धुतल्या. धरण आम्ही बघितलं नाही.

जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, पुन्हा कसब्यात जेवण. साउथचे फोटो हातोहात फिरत होते. वृंदावन गार्डन, चामुंडी हिल, चहाचे मळे. सगळे ओळीत उभे, आणि एकाही फोटोत सासूबाई नाहीत. फोटो पाहून झाले तसे दीर माझ्या मुलीकडे वळले. सगळे ऐकतील अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग? तुम्ही काय काय बघितलंत?"

माझे कान तापले. मी तोंड उघडणार होते, पण प्रश्न तिला होता. तिने नीट विचार केला, शाळेत बाईंनी विचारल्यावर करते तसा.

"मी आईला झोपलेली बघितलं," ती म्हणाली.

"बरं. आणि?"

"आणि काका, मी ते आधी कधीच बघितलं नव्हतं."

जावेने फोटो गोळा करून पाकिटात घातले. नवऱ्याने या वेळी पानाकडे बघितलं नाही, सरळ भावाकडे बघितलं. मला लाज वाटायला हवी होती, असं नंतर कुणीतरी सुचवलं. मला वाटली नाही. आजही वाटत नाही. त्या पाच दिवसांइतकं हक्काचं मी आयुष्यात दुसरं काही घेतलेलं नाही.

जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात उरलंसुरलं झाकत होते. सासूबाई मागून आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं, गुडघ्यावर हात टेकत स्टुलावर बसल्या, आणि कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याकडे बघत मला विचारलं, "तिथे बघण्यासारखं खरंच काही नाही ना गं?"

मी म्हटलं, "काही म्हणजे काही नाही, आई."

"मग पुढच्या वर्षी मला ने," त्या म्हणाल्या. "आणि दशम्या करायला सांगू नकोस."