पोरगा पुण्याला असतो

भडगावजवळच्या आमच्या गावात दिवसाढवळ्या घरी दिसणारा तिशीतला पुरुष म्हणजे रिकामटेकडा. मग तो माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम का करत असेना. मी कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो, त्यातल्या चुका काढतो. कोविडात घरी आलो आणि इथूनच करत राहिलो. कुणी विचारलं की माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ठोकून द्यायचे, "पोरगा पुण्याला असतो. सुट्टीवर आलाय." एवढी सुट्टी तर मास्तरांनाही मिळत नाही. मी वर बसून जळफळायचो.

यंदा कंपनीने फर्मान काढलं. ऑफिसात या, नाहीतर घरीच राहा आणि बढती विसरा. काय ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. पुण्यातले सहकारी फोनवर ट्रॅफिक, घरभाडं आणि साहेबाची मर्जी यांवरून तावातावाने भांडत होते. आबा मात्र खूश. त्यांचं पुणं आता खरं होणार होतं. तेवढ्यात चाळीसगावहून स्थळ आलं. मुलगी भडगावच्या शाळेत शिक्षिका, रोज एसटीने ये-जा करणारी.

चाळीसगावला त्यांच्या घरी बैठकीत आबांनी पुण्याची टेप लावली. मोठं ऑफिस, काचेची इमारत, पोरगा फ्लॅटही बघतोय. मी पोह्यांवर लिंबू पिळत बसलो. फ्लॅटची बातमी मलाच नवी होती.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. ती सरळ म्हणाली, "आधीच सांगते, मी पुण्याला येणार नाही. ही नोकरी कष्टाने मिळवलीय. घरच्यांना नकार सांगणार आहे."

मला ती आवडली, तिथेच. "मी पुण्यात राहतच नाही," मी म्हणालो. "गावी, घरूनच काम करतो. ऑफिसचं बोलावणं आलंय, पण जाणार नाही." हे ठरवलं कधी, तर बोलता बोलताच.

"मग तुमचे वडील पुणं पुणं का म्हणतायत?"

"मुलगा घरी असतो म्हणायला त्यांना लाज वाटते."

"हे मला सांगून काय उपयोग? खाली सगळ्यांसमोर सांगा."

खाली तिचे वडील होते, तिचे काका होते आणि आबा. म्हणजे आबांना चारचौघांत खोटं पाडायचं, नाहीतर हिला विसरायचं. जिना उतरलो. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी गावी राहून घरूनच काम करतो; पुण्याला गेलो तरच बढती आहे, पण जाणार नाही.

काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे नोकरी गेली?" घरी असतो म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच. मी उत्तर देणार तोच आबा बोलले. इतका वेळ जपून शहरी मराठी बोलत होते, ती सुटली आणि घरची अहिराणी आली.

"नोकरी गयी नही. दिनभर माडीवर बठीसन काम करस. जेवाले हाक मारो तरी येस नही. मी रोज देखस ना." मग हातातल्या कपाकडे बघत म्हणाले, "पन तो काय काम करस, ते मालेच समजस नही. कोनी इचारं तर काय सांगू? म्हनीसन पुणं सांगी देस."

इतकी वर्षं मी ती लाज समजून धुमसत होतो.

तिच्या वडिलांनी बढतीचं विचारलं. गेली तर गेली, मी म्हणालो. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिने हसून मान डोलावली.

परतताना एसटीने निघालो. भडगाव जवळ आल्यावर आबा माझ्याकडे वळले.

"आते सांग, तू नेमकं काय काम करस?"

मी सांगायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं.

"हळू सांग. माले गावमा सांगनं शे."