टोपी काढा, कान दिसू द्या

आर्डिस होवलँडला लोक घाबरत, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. थिंबल डोंगराच्या पायथ्याशी स्कीचे पास विकायची एक लाकडी खोपटी आहे. तिच्या एकुलत्या एक खिडकीत आर्डिस इतकी वर्षं बसली, की खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी तिला कमरेखाली कधी पाहिलंच नव्हतं.

हिवाळ्याचा पास ऑगस्टात काढायचा, अशी तिथली रीत. सप्टेंबरात शाळा उघडायच्या आत तो स्वस्त मिळतो आणि डोंगराला पैशाची गरजही तेव्हाच असते. केबल तपासायची, विमा भरायचा, पंप दुरुस्त करायचे, हे सगळं बर्फ पडायच्या आधीच उरकावं लागतं. थिंबल कुणा शेठजींचा नाही, खोऱ्याचा आहे; गावाची समिती तो चालवते. माणसांना वर नेणाऱ्या खुर्च्यांची एक लिफ्ट, पोरांना ओढून नेणारा एक दोर, गरम सूप मिळणारं एक स्वयंपाकघर, संपलं. ऑगस्टात पास खपले तर डिसेंबरात खुर्च्या फिरतात. नाही खपले तर नाही.

पासावर फोटो लागतो, आणि आर्डिस तो दरवर्षी नवा काढी. खोपटीच्या मागच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकलेली, पुढे स्टूल. "टोपी काढा. कान दिसू द्या. दात नकोत." मंत्र्यापासून मवाल्यापर्यंत सगळ्यांना हाच हुकूम.

लिफ्ट सांभाळणारा मर्ल पेटिट तिला चिडवायचा. "अगं आर्डिस, वर सगळे टोपी नि चष्मा घालूनच असतात. कान बघतो कोण?"

"मी बघते," ती म्हणायची. "तू तुझे नटबोल्ट बघ."

ही लिफ्ट मर्लच्या आधी आर्डिसच्या नवऱ्याच्या, क्लेटनच्या हाताखाली होती. एका अवघड वळणावर त्याने हात कोपरात मोडून घेतला, तेव्हापासून त्या उताराचं नाव 'क्लेटनचं कोपर'. क्लेटन गेला, कोपर राहिलं. दोन्ही बाजूंना फरची जुनी सूचीपर्णी झाडं, मध्ये ते वेडंवाकडं वळण. आर्डिस त्याच्या थडग्यावर वर्षातून एकदा जाई. कोपरावरून मात्र गुडघे साथ देत होते तोवर रोज उतरली.

आणि मोसमाचा पहिला पास कायम तिच्या लेकीचा, जोलीनचा. आधी एकट्या जोलीनचा, मग तिच्या नवऱ्याचा, मग दोन मुलींचा. त्यांचे फोटो झाल्याशिवाय खिडकी उघडायची नाही, हा आर्डिसचा स्वतःचा नियम.

त्या वर्षी जुलैपासूनच खोऱ्यात धूर भरला. पलीकडच्या कड्यामागे जंगल पेटलं होतं. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसे आणि गाड्यांवर राख साठे. जोलीन इस्पितळात परिचारिका. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिचा वॉर्ड भरून गेला होता.

"येते गं आई, पुढच्या रविवारी नक्की."

पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. शेवटी आर्डिसने आयुष्यात पहिल्यांदा लेकीआधी खिडकी उघडली.

तरी गर्दी नव्हती. त्या साली घाट ओलांडून असलेल्या बड्या कंपनीने नवाच पास काढला होता. एका पासावर कितीतरी डोंगर, आणि आगीमुळे त्यांचा डोंगर बंद राहिला तर पैसे परत. थिंबलला असं म्हणणं परवडणारं नव्हतं. त्याचे पैसे सप्टेंबरातच केबलला लागून गेलेले असत.

खाटीक गस ट्विट खिडकीशी येऊन बराच वेळ हवापाण्याचं बोलला. खोकला, धूर, हरणं रस्त्यावर कशी येतात.

"गस, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? पास घेतोयस की नाही?"

"घेणार ना. पण जरा... आग कुठे वळते ते बघू म्हटलं."

"आग वळल्यावर पास घेणार? लग्न झाल्यावर मुलगी बघायला जातोस का?"

गस हसला आणि पास न घेताच गेला.

शाळा उघडायला आठवडा राहिला असताना आग कडा उतरली. शेरीफची माणसं डोंगराखालच्या घरांत दारोदार सांगत फिरली : निघा. आर्डिसने कॅमेरा आणि चादर गाडीत टाकली आणि गावात जोलीनकडे गेली. मर्ल मात्र हटला नाही. कृत्रिम बर्फ उडवायच्या तोफा त्याने ऐन उन्हाळ्यात उतारांवर ओढून नेल्या आणि तळ्याचं पाणी झाडांवर मारत राहिला.

भर दुपारी दिवे लावावे लागले, इतका अंधार. मायलेकी ओसरीवर उभ्या राहून धुरामागच्या डोंगराकडे बघत होत्या. आर्डिस रडणारी बाई नव्हे. जोलीनच रडत होती, हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी.

"कोपर जळालं तर गं आई? बाबांचं कोपर?"

"जळालं तर पुन्हा झाडं लावू," आर्डिस म्हणाली. "हिवाळ्यात लिफ्ट मात्र चालली पाहिजे. ती एकदा थांबली की थांबलीच." आणि तिने लेकीचा हात घट्ट धरला.

जोलीनच्या ओठांवर तेव्हा काहीतरी आलं होतं. मग तिने डोळे पुसले.

वारा फिरला. आग कोपराच्या माथ्यावर येऊन अडली आणि ओल्या उतारावर विझली. मर्ल खाली आला तो काळाठिक्कर, भुवया करपलेल्या. "दोन्ही पंप गेले," तो म्हणाला, "पण झाड एकही गेलं नाही." मग आर्डिसच्या पुढ्यात चक्क टोपी काढली. "बघ कान. आहेत ना दोन्ही?"

गावाने अग्निशामकांना जेवण घातलं. गवताच्या गठ्ठ्यांवर रंगाने आभार लिहिले. आर्डिसने चादर धुऊन, इस्त्री करून पुन्हा ठोकली आणि समितीला न विचारताच पाटी लावली : जुनाच दर, महिनाअखेरपर्यंत. पंप घ्यायचे होते. डोंगर उभा होता. आता माणसं येणारच.

माणसं आली. मिठी मारायला आली. डोंगर वाचला, आर्डिस, डोंगर वाचला! खिडकीच्या फळीवर केक जमले. पास कुणी मागेना.

"अगं, आम्ही तो दुसरा घेऊन बसलो," अखेर गसने कबूल केलं. "सगळ्यांनीच घेतलाय. त्यात पैसे परत मिळणार होते ना, तिकडचा डोंगर जळाला असता तर."

"तो जळाला नाही ना!"

"नाही ना," गस म्हणाला. "म्हणून तर पैसेही परत मिळत नाहीत. पुढच्या वर्षी नक्की."

ती तडक चिडली असती, पण नेमकी तेव्हाच जोलीनची गाडी मैदानात शिरली. आर्डिसने स्टूल पुसलं, कॅमेरा घेतला. जोलीन एकटीच उतरली. तिच्या हातात झुकिनीचा, म्हणजे त्या काकडीसारख्या भोपळ्याचा, केक होता. त्या खोऱ्यात सप्टेंबरात झुकिनी कुणी प्रेमाने देत नाही. एकतर परसात उदंड झालेली असते, नाहीतर चूक झालेली असते.

"मुली कुठायत?"

"आई, आधी बस."

"मी बसलेलीच आहे. तीस वर्षं बसलेय. बोल."

"आम्ही जुलैमध्येच घेतला. तो दुसरा." जोलीन फळीवरची राख बोटाने पुसत राहिली. "रोज वॉर्डात तो धूर बघत होते मी. वाटलं, थिंबल काही हे वर्ष काढत नाही. मुलींना या हिवाळ्यात स्कीचं वचन दिलेलं. दोन-दोन पास आम्हाला झेपत नाहीत गं."

"जुलैमध्ये."

"सांगणार होते. रोज सांगणार होते."

"ओसरीवर रडत होतीस तेव्हासुद्धा तुझ्याकडे तो होता."

"म्हणून तर रडत होते, आई."

आर्डिसने खिडकीची काच खाली ओढली. भांडायला नव्हे, तिचा चेहरा तिला सावरेना आणि लेकीने तो बघू नये, एवढंच.  जोलीन केक फळीवर ठेवून गेली.

ऑक्टोबरात समिती बसली. पंप नाहीत, विम्याला पैसे नाहीत, या हिवाळ्यात थिंबल बंद. पुढचं पुढे बघू, असं अध्यक्ष म्हणाले. आर्डिसने खोपटीची किल्ली न भांडता टेबलावर ठेवली, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. मर्लने खुर्च्या एकेक उतरवून गोदामात टांगल्या. "ही कामं माणसाने मेल्यावर करावीत," तो म्हणाला.

त्या साली बर्फ असं पडलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तसं आठवेना. कोपरावरच्या जुन्या झाडांनी ते खांद्यांवर झेललं. हिरवीगार, धडधाकट झाडं. त्यांच्यामधला उतार कोरा. एक रेघ त्यावर उमटली नाही.

एका शनिवारी सकाळी जोलीन आर्डिसच्या दारात आली. धाकटीचे हातमोजे आजीकडे राहिले होते. मुली गाडीत, स्की टपावर बांधलेल्या. घाट ओलांडून जायचं होतं. आर्डिसने हातमोजे आणले. न मागता कोकोचा थर्मासही भरून आणला.

"आजी, तू पण चल ना!" धाकटी खिडकीतून ओरडली.

"मला कुठे पास आहे?" आर्डिस म्हणाली. "दाखव बघू तुझा."

पोरीने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. फोनवर काढलेला फोटो. लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंडभर हसू, पुढचा एक दात पडलेला. आर्डिसने कार्ड लांब धरलं, मग जवळ आणलं. जोलीन गाडीच्या पलीकडे उभी राहून मान खाली घालून बर्फ झटकत होती.

"टोपी काढली नाहीस," आर्डिस म्हणाली.

"कुणी सांगितलंच नाही."

आर्डिसने पोरीच्या डोक्यावरची टोपी उचलली. थंडीने लाल झालेले ते दोन कान, क्लेटनसारखे बाहेर आलेले, तिने नीट बघून घेतले. मग टोपी पुन्हा खाली ओढून कान झाकले आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

"जा आता. लिफ्टला रांग लागेल."