निसटलेला स्टेंट आणि सवतीचा टाक

भूत, झपाटणं असलं काही मी कधी मानलं नाही. देवाला हात जोडते, तेवढंच. पण शाहूपुरीतल्या दवाखान्यात जे झालं ते तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते...

आम्ही वारणानगरचे. मालक डेअरीत कामाला. मी त्यांची दुसरी बायको. पहिली, शालन, आजारानं गेली. आमच्यात दुसरीनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो — चांदीचा चपटा तुकडा, त्यावर बाईचा ठसा. लुगडं असो, जेवण असो, आधी त्याला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. मला तो टाक कधीच आवडला नाही. छातीवर कायम गार लागायचा.

मालकांच्या छातीत कळ आली. हृदयाची नस तुंबली होती. मनगटातून तार घालून स्टेंट, म्हणजे बारीक फुग्यावर चढवलेली जाळीची नळी, बसवायचं ठरलं. त्यांना आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि माझी नणंद.

"निघताना टाकाला इचारलंस का?" त्यांनी सुरू केलं.

"घाई होती की, वन्सं."

"व्हय, तुला कायम घाईच! शालन असती तर ही येळ आली नसती."

तेवढ्यात गळ्यातला दोरा कुणीतरी खाली ओढला. समोर कुणी नाही! चाचपलं — गाठ तशीच, टाक नाही. आणि उजव्या जांघेत गार काहीतरी रुतलं.

दार उघडून डॉक्टर आले. "स्टेंट फुग्यावरून निसटलाय. रक्ताबरोबर वाहत उजव्या जांघेच्या नसेत अडकलाय. तारेचा फास टाकून काढतो. नाही निघाला तर मोठं ऑपरेशन करावं लागेल."

"खाल्लंस माझ्या भावाला!" वन्सं ओरडल्या.

माझं डोकं फिरलं. तोंड उघडलं नाही, पण मनातल्या मनात शालनला धारेवर धरलं. 'सटवे, लुगडं तुला आधी, घास तुला आधी. आता माणूस पण पायजे व्हय? न्हाय मिळायचा! सोड त्याला!' याहून वाईट शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. जांघ दाबून बसले. गारपणा हळूहळू सुटला.

डॉक्टर परत आले. स्टेंट फासात सापडला होता, चेमटलेला. दुसरा नीट बसला होता. मी उठले तशी निऱ्यांतून टाक खाली पडला.

"बघ, शालननंच वाचवलं," वन्सं म्हणाल्या.

नंतर मालकांना भेटले. भूल हातापुरतीच होती, ते आत जागे होते.

"आत कोण दोघी भांडत होत्या गं? एक तर तूच. एवढ्या शिव्या कुठं शिकलीस?"

"आणि दुसरी? ती काय म्हणत हुती?"

"काय न्हाय. नुसती रडत हुती."

दार बंद होतं, माझे ओठ हलले नव्हते. त्यांनी कसं ऐकलं, मला अजून कळलेलं नाही. ती का रडत होती, तेही नाही.