नाकोरेतच्या बाजारातला लोपेयोक

नाकोरेतच्या बाजारात तुर्काना आणि पोकोट या केनियातल्या, एकमेकांची गुरं पळवत आलेल्या दोन्ही जमातींना मान्य असलेला नियम एकच. विकायला आणलेल्या जनावराच्या पुठ्ठ्यावर मालकाने दिलेला डाग आधी दोन म्हाताऱ्यांनी तपासायचा, एक तुर्कानांचा, एक पोकोटांचा. दोघांचे हात पडल्याशिवाय जनावर शहराच्या ट्रकवर चढत नसे. चोरलेलं विकताच येत नाही, तर चोरायचं कशाला? एवढ्या साध्या विचारावर चार वर्षं दोघांच्या मधल्या कोरड्या नदीच्या पात्रात माणूस मेला नव्हता. दोन्ही जमातींनी मिळून विहीर खणली, दवाखान्याच्या भिंती दाराच्या उंचीपर्यंत आणल्या. पोकोट बायका तुर्काना बायकांशी मधाच्या भावावरून बिनधास्त भांडू लागल्या. शांतता म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आम्हा तुर्कानांकडून हात ठेवायचा तो लोपेयोक. उंच, हाडकुळा, जिभेचा तिखट. तरुणपणी त्यानेही पोकोटांची गुरं पळवली होती आणि ते तो लपवत नसे. "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणून तर मला बसवलाय इथं," असं वर सांगायचा. पोकोटांकडून पकियाच, बुटका, सावकाश बोलणारा. दोघं एकाच डबीतली तंबाखू खायचे आणि डबी कुणाची यावर रोज वाद घालायचे.

गेल्या पावसाळ्यापासून लोपेयोकच्या डोळ्यांवर पडदा चढत गेला. सांगणार कुणाला? गुरांवर जगणाऱ्या लोकांत ज्याला जनावर ओळखता येत नाही, त्याला कोण विचारतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो बोटांनी डाग चाचपू लागला. पकियाचच्या ते लक्षात आलं. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त डाग मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आडवी रेघ, खाली दोन ठिपके. लोटोमच्या घरचं."

"दिसतंय मला. ओरडतोस कशाला?" लोपेयोक हात ठेवत म्हणायचा.

असे आठ महिने गेले. मग एका बाजाराच्या दिवशी पकियाच भावाच्या मातीला गेला. ट्रक येऊन उभे होते आणि ड्रायव्हर ओरडत होते, "रिकामे परत गेलो तर पुन्हा येणार नाही, बाबा!" लोपेयोकने त्यांना परत पाठवायला हवं होतं. नियमच तसा होता. पण बाजार मोडेल या भीतीने त्याने एकट्याने हात ठेवले. मला त्याचा अजून राग येतो. त्या जनावरांत एक बैल असा होता की त्याच्या जुन्या डागावर नवा डाग दिलेला. बोटांना वरचा लागला, खालचा लागला नाही.

ट्रक गेल्यावर बातमी आली, तीन दिवसांपूर्वी तो बैल पोकोटांच्या लांबच्या कुंपणातून पळवला होता आणि राखणाऱ्याला गोळी घातली होती. तो राखणारा म्हणजे पकियाचचा जावई.

दोन्ही जमाती बाभळीखाली समोरासमोर बसल्या. तरण्यांच्या मांडीवर बंदुका होत्या. पोकोटांतला दोमो नावाचा तरुण उठला.

"म्हातारबा, चोर तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही. मला दिसत नाही."

हशा पिकला. दोमो म्हणाला, "आठ महिने दिसत होतं, आजच बरं आंधळा झालास!"

त्यांनी एक बैल आणून दहा पावलांवर उभा केला. "हात न लावता सांग. कुणाचा?"

लोपेयोकने मान ताणून पाहिलं. "तुमच्यातलाच असेल. असला तांबडा आमच्यात नाही."

त्याची बायको नाकेनो तोंडात पदर कोंबून रडू लागली. बैल कबरा होता, लोपेयोकचाच. आम्हा तुर्कानांत उमेदीच्या वयात पुरुष एका बैलाचं नाव स्वतःला लावून घेतो, त्याची गाणी म्हणतो. या बैलाचं नाव लोपेयोकने लावलं होतं. आता कुणीच हसलं नाही.

त्याला वाटलं, चला, लाज गेली पण बाजार वाचला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "कधीपासून रे?"

"मागच्या पावसापासून."

बस्स. म्हणजे आठ महिन्यांतला प्रत्येक सौदा आंधळ्याचा! जो तो आपलं हरवलेलं जनावर आठवू लागला. पोकोट उठले, तुर्कानाही उठले.

एका वाक्यात सगळं सावरलं असतं: पकियाच वाचत होता, सौदे खरे आहेत. पण मग दोमो आणि त्याच्या टोळीतल्या पोरांनी पकियाचला विचारलं असतं, शत्रूचं आंधळेपण का झाकलंस, ज्यापायी तुझीच लेक विधवा झाली? तो घरी पोचला नसता. हे लोपेयोकला कळत होतं.

पलीकडून पकियाचचा आवाज आला. "थांबा. मी त्याला..."

"तू गप्प बस!" लोपेयोक ओरडला. "ऐका रे सगळे. मी सगळ्यांना फसवलं. ह्यालाही फसवलं."

पकियाच उभाच राहिला. नंतर खाली बसला. मी त्याला दोष देत नाही.

दुपारपर्यंत बाजार उठला तो कायमचाच. दवाखान्याच्या भिंती दाराशीच राहिल्या. महिन्याभरात पात्रात पाच माणसं पडली आणि त्यातला पहिला पकियाच होता. गुरांना पाणी पाजायला विहिरीवर आला होता, तुर्कानांच्या गोळीने गेला. लोपेयोकला हे कुणी सांगितलेलं नाही. सांगायची कुणाची छाती आहे?

बाजाराच्या दिवशी तो अजून सकाळी झोपडीबाहेर येऊन नदीकडे तोंड करून बसतो.

"बघ गं, पकियाच आलाय का पलीकडे?"

"आलाय," नाकेनो म्हणते. "बसलाय."

"बसू दे. हाक मारू नकोस. दोमोची पोरं बघतील."