चिखलाच्या भरवशाची गाडी

चांगल्या रस्त्याचा इतका मनापासून राग करणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डांबर दिसलं की नाक मुरडायचे. जालन्यातल्या मस्तगडात त्यांच्या घरामागून एक खड्ड्याखड्ड्यांचा, पावसात गुडघाभर पाणी साठणारा रस्ता जायचा. एका उन्हाळ्यात तो गुळगुळीत झाला. गल्लीतल्या लोकांनी पेढे वाटले, आणि दाजी ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. शेजाऱ्यांनी काळजीनं विचारलं तर म्हणाले, "गेला. लई चांगला होता." ते अशा सुरात म्हणाले की शेजारी टोपी काढून दोन मिनिटं त्यांच्याजवळ गप्प बसले, आणि कोण गेलं ते कळल्यावर टोपी घालून बडबडत निघून गेले.

लग्नही त्यांनी रस्ता बघूनच केलं. आमचं गाव शहागडपासून दोन कोस आत. मधे काळ्या मातीची पांदण, म्हणजे दोन्हीकडे बाभळी आणि मधून बैलगाडीपुरती वाट. पावसाळ्यात तिच्यात बैल रुतायचे आणि चपला तर कायमच्या जायच्या. दाजी अक्काला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पावसाळ्यात ही पांदण किती खोल जाती?" आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, वाटलं की पोरगा माघार घेतोय. ते घाईनं म्हणाले, "फार न्हाई, घोट्याइतकी." दाजींचा चेहरा पडला. दादांना खोटं पचायचं नाही, म्हणून थोड्या वेळानं त्यांनी कबूल केलं, "खरं सांगू का, कमरेपर्यंत जाती." तिथल्या तिथं सुपारी फुटली. अक्का अजून म्हणते, "मला कुठं, त्या पांदणीला होकार दिला यांनी."

दाजी जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या मिलमध्ये फिटर होते. तिथं देशभरातून ट्रक भरभरून भंगार यायचं आणि भट्टीत जायचं. दाजी ड्युटी सुटली की त्या ढिगाऱ्यावर चढायचे आणि लोक भाजीबाजारात वांगी निवडतात तसे सुटे भाग निवडायचे. मालकाच्या परवानगीनं, वजन करून, सायकलला बांधून ते घरी आणायचे. एका जीपचा पुढचा एक्सल आला, दुसऱ्या जीपचा मागचा आला, कमानपाटे कुठल्याशा टेम्पोचे. आणि एक दिवस हातगाड्यावर चढवून एक छोटीशी मोटार आली. शहरातले डॉक्टर चालवतात तसली, मागं उघडणारं दार असलेली, पण झाडाला धडकून चपटी झालेली. पुढची तीन वर्षं दाजींनी तिला उभं केलं, चारी चाकांना जोर दिला आणि उंच केलं. इतकं उंच, की अक्काची कोंबडी खालून मान ताठ ठेवून गेली तेव्हाच त्यांनी कमानपाट्याचे नट आवळले. ती गाडी पहिल्यांदा आमच्या गावी आली तेव्हा मोटारीनं उसातून वाट काढताना लुगडं वर धरलंय असं दिसत होतं. आईला बसवायला दोन माणसं आणि एक स्टूल लागलं. नऊवारीचा काष्टा सावरत आई म्हणाली, "गाडीत बसू राह्यले का माडीवर चढू राह्यले, काही कळंना."

या गाडीत एक खोट होती, आणि ती दाजींच्या स्वभावातूनच आली होती. पुढचा एक्सल एका जीपचा, मागचा दुसरीचा. दोघांच्या आतल्या चक्रांच्या दातांची संख्या वेगळी. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळं तिथं दोघांचं बरं जमायचं. पण कोरड्या डांबरावर पुढची चाकं एका चालीनं ओढायची, मागची दुसऱ्या चालीनं, आणि गाडी कण्हायला लागायची. पुढची चाकं मोकळी करायचा दांडा बसवला असता तर प्रश्न मिटला असता. दाजींनी तो मुद्दामच बसवला नाही. "सोय केली की माणूस डांबरावर जातो," असं ते म्हणायचे. म्हणून ते हायवेला लागले तरी हायवेवर चढायचेच नाहीत, कडेच्या मातीतून गाडी हाकायचे. ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "ओ मामा, रस्ता इकडं वर हाय!" दाजी हात हलवून म्हणायचे, "तुम्हालाच राहू द्या."

आम्ही खूप हसलो या गाडीला. सगळ्यात जास्त मी हसले, म्हणून पुढचं मलाच सांगितलं पाहिजे.

दहावीला माझं गणित राहिलं. ऑक्टोबरची परीक्षा द्यायची ठरलं. दादा वाईट नव्हते, पण त्यांचं बोलणं एक घाव दोन तुकडे. "ह्या बारीला सुटली तर कॉलेजात घालतो. न्हाई तर घनसावंगीकडचं स्थळ थांबून आहे, बिलकुल ऐकणार न्हाई." मी चार महिने रात्रंदिवस गणितं केली. आणि पेपरच्या आधी दोन दिवस परतीचा पाऊस जो लागला तो थांबेचना. केंद्र शहागडला. पेपर अकराला. सकाळी सातला दादांनी बैलगाडी काढली, ती गावाबाहेर शंभर पावलांवर आसापर्यंत रुतली. पाटलांचा ट्रॅक्टर तर आदल्या दिवसापासूनच पांदणीत उभा होता. मी चालत निघाले, तर चिखल मांडीला लागला आणि मी वह्या डोक्यावर धरून रडत परत आले. दादा खाली मान घालून म्हणाले, "जाऊ दे पोरी. नशिबात नसंल." त्या क्षणी मला पावसापेक्षा त्या शब्दांची जास्त भीती वाटली.

साडेनऊला पांदणीकडून गुरगुर ऐकू आली. बाभळीच्या वरून आधी गाडीचं टप दिसलं, मग काच, मग काचेमागं दाजी. पाऊस थांबत नाही बघून पहाटे चारला जालन्याहून निघाले होते, अंबडवरून, सगळी वाट कडेच्या मातीतून. खाली न उतरताच ओरडले, "मंदे, जल्दी बस! मामा, तुम्ही मागं बसा, वजन लागतं!" मामा म्हणजे दादा. आयुष्यात पहिल्यांदाच दादा जावयाचं मुकाट ऐकून आत चढले.

ती पांदण त्या गाडीनं कशी पार केली ते मी आजही डोळे मिटले की बघते. ट्रॅक्टरला वळसा घालताना गाडी इतकी कलली की मी दादांच्या मांडीवर आणि दादा दाराच्या काचेवर. दाजी शांत. "सूत्रं म्हण," म्हणाले, "गप बसू नको." मी आदळत आपटत वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणत होते, आणि दाजी दर खड्ड्यानंतर "बराबर, पुढं" म्हणत होते. त्यांना स्वतःला सातवीच्या पुढचं गणित येत नव्हतं.

पांदण संपली, पण शहागडात शिरायच्या आधी एक पूल होता. पुलाला कडेची माती कुठून असणार? दाजींनी नाइलाजानं गाडी डांबरावर घेतली. ती कण्हली, थरथरली, आणि पूल ओलांडता ओलांडता खालून कडाडकन आवाज झाला. गाडी जागेवर बसली. अकराला सात मिनिटं होती आणि शाळा समोर दिसत होती. "उतर, पळ," दाजी म्हणाले, "मागं बघू नको." मी चिखलानं भरलेल्या पायांनी पळत सुटले आणि घंटेबरोबर बाकावर बसले. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा दाजी गाडीखाली आडवे होते आणि दादा त्यांना पाने काढून देत होते. "गाडीचं काय झालं?" मी विचारलं. "किरकोळ. तुझं सांग."

पास झाले. पासापुरत्या मार्कांच्या वर बरोबर दोन. दादांनी शब्द पाळला. बारावी झाले, डीएड झाले, शिक्षिका झाले. स्थळंही पुढं आली आणि त्यातलं एक मला विचारून ठरलं.

तीन-चार वर्षांनी अक्काकडे तुरीच्या शेंगा सोलताना ती सहज बोलून गेली. माझ्या त्या पेपरच्या दिवशी सकाळी अकराला बियाण्याच्या एका कंपनीचे साहेब दाजींची गाडी बघायला मस्तगडात येणार होते. पावसाळ्यात शेतातले प्लॉट बघत फिरणाऱ्या माणसांसाठी तशा पाच गाड्या त्यांना करून हव्या होत्या. दाजी मिल सोडून स्वतःचं गॅरेज टाकायच्या विचारात होते. जागाही बघून ठेवली होती. "साहेब येऊन बसले," अक्का म्हणाली, "मी चहा देऊन देऊन दमले. गाडी कुठंय विचारलं, तर काय सांगणार? मेहुणीचा पेपर आहे म्हणून घेऊन गेल्ते म्हणलं. हसले आणि गेले." ते परत आले नाहीत. दाजी निवृत्तीपर्यंत मिलमध्येच फिटर राहिले, आणि या गोष्टीचा एक शब्द त्यांनी कधी माझ्यासमोर काढला नाही. मीही काढला नाही. एवढ्या मोठ्या उपकाराला कुठून हात घालायचा तेच मला सुचायचं नाही.

परवा त्यांना माझ्या गाडीतून माहेरी घेऊन निघाले होते. आता त्यांनी साठी गाठलीय, गुडघे दुखतात. हायवेवरून गाडी सुळकन चालली होती आणि दाजी कंटाळून बसले होते. तोच तो पूल आला. मनाचा हिय्या करून मी म्हणाले, "दाजी, त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी बोललेच नाही. माझ्यामुळं तुमचं गॅरेज..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग अपराध्यासारखं म्हणाले, "त्या दिवशी चूक माझीच झाली मंदे. मी दोन्ही एक्सलचे दात मोजून घ्यायला पाहिजे होते. शाळा एवढी समोर दिसू राह्यली, आणि तुला परीक्षेच्या टायमाला पायी पळावं लागलं."

इतकी वर्षं ते एवढंच मनाला लावून बसले होते. मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी गाडी कडेच्या मातीत घेतली आणि थांबवली.